दोष टायरचा होता

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, ऑफिसातल्या मैत्रिणींना तर नाहीच. सांगण्यासारखं काही मोठं घडलंच नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत आले — आणि खरंच, कुणी मेलं नाही, कुणाला साधं खरचटलंही नाही. गाडीचे चार टायर बदलले, एवढंच. मग रस्त्यात ‘एल’ लावलेली गाडी दिसली, आत शिकवायला बाई बसलेली असली, की मी मान का वळवते?

आधी माझ्याबद्दल सांगते. माझ्या माहेरी पहिली पदवी माझी. वडील मरोळला एका कारखान्यात माल चढवायचे-उतरवायचे. मी बीकॉम झाले तेव्हा त्यांनी चाळीत पेढे वाटले, आणि ज्यांनी कशाचे म्हणून विचारलं नाही त्यांनाही थांबवून सांगितलं. त्या पदवीचा मला अभिमान आहे, तो लपवत नाही. लग्न होऊन चारकोपला आले तर सासरीही एवढं शिकलेलं कुणी नव्हतं. विम्याचा कागद आला, डॉक्टरांचा रिपोर्ट आला, की सासरे — आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो — म्हणायचे, “सुनंदाला दाखवा.” मला ते आवडायचं. फार आवडायचं.

मग धाकट्या दिराचं, महेशचं लग्न झालं आणि शीतल घरात आली. कराडकडची, बारावी नापास. ते ती स्वतःच हसत सांगायची.

घरात गाडी एकच, अण्णांनी निवृत्त होताना घेतलेली. आम्ही दोघी जावा एकाच ड्रायव्हिंग स्कूलला एकदमच गेलो. लायसन्स दोघींना मिळालं — पण गाडी आली तिलाच. मी चढावर क्लच सोडला की गाडी बंद पडायची, मागून हॉर्न, मी किल्ली फिरवत बसलेली. आणि ही? ही बोलत बोलत गिअर टाकायची. सासूबाईंना गुडघ्यासाठी बोरिवलीला न्यावं लागे. त्या म्हणायच्या, शीतल चालवते तेव्हा पोटातलं पाणी हलत नाही. माझ्या गाडीत त्या एकदाच बसल्या. पुढच्या वेळी चावी त्यांनी आपणहून शीतलच्या हातात दिली.

अण्णांचा एक हिशेब होता. चालवणाऱ्याचा हात कसा आहे ते गाडीच्या ॲव्हरेजवरून कळतं, असं ते मानायचे. टाकी फुल करायची, पुन्हा फुल करताना किती बसलं ते बघायचं. महेशच्या हातात लिटरला सतरा. शीतलच्या हातात अठरा. हे ते गेटवरच्या वॉचमनलाही सांगत. माझं ॲव्हरेज त्यांनी कधी काढलंच नाही. कशाला काढतील?

तुम्हाला कधी कुणाच्या डाव्या पायाचा हेवा वाटलाय? मला वाटलाय. ती क्लच दाबायची ना, त्या पायाचा.

त्यातच ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी तिला विचारलं — शिकायला बायका येतात, शिकवायला बाई हवी आहे, याल का? अण्णा आतून खूश झाले होते, पण म्हणाले, पावसाळा जाऊ दे, मग बघू. त्या संध्याकाळी शीतल ओट्यापाशी उभी राहून फरशीवर पाय दाबत होती. “हाफ क्लच, मॅडम, हाफ क्लच. घाबरू नका.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, आता मला पण मॅडम म्हणणार लोक. बारावी नापास मॅडम.”

मी हसले. अगदी मनापासून हसल्यासारखी हसले.

पावसाच्या तोंडावर टायर बदलायची वेळ आली. जुने पार गुळगुळीत झाले होते. अण्णा म्हणाले, सुनंदा, तू वाच आणि ठरव. मी वाचलं. नीट वाचलं — वाचायचं म्हटलं की मी कामचुकारपणा करत नाही. गोष्ट तशी सोपी आहे. कडक रबराचा, अरुंद टायर हलका फिरतो, पेट्रोल वाचवतो; ओल्या रस्त्यावर मात्र पकड थोडी कमी. मऊ रबराचा, रुंद टायर रस्ता धरून ठेवतो, ब्रेक दाबला की लवकर थांबतो. पण तो फिरवायला इंजिनाला जोर लागतो, ॲव्हरेज पडतं. दोन्हीत वाईट काही नाही. एक घेताना दुसरं थोडं सोडायचं, एवढंच.

हे सगळं मला समजलं होतं. घरी मी अर्धं सांगितलं.

पावसात आईंना घेऊन जायचं असतं, पकड महत्त्वाची, मऊ आणि रुंद घेऊ — यावर कोण काय बोलणार? दुकानात महेश बाहेर गाडी जॅकवर चढवताना बघत होता. काउंटरवर मी एकटी. दुकानदार म्हणाला, “मॅडम, ॲव्हरेज जरा कमी होईल हां, घरी सांगून ठेवा.” मी म्हटलं, “हो, सांगते.”

तेव्हाच मनात होतं का? अनेकदा विचारलंय स्वतःला. हो, होतं. असं घडेल, तसं घडेल, असा बेत नव्हता. पण अठराचे सोळा झाले तर अण्णांचं तोंड कसं होईल, ते मला तिथे उभ्या उभ्या दिसलं होतं — आणि बरं वाटलं होतं.

टायर चांगलेच निघाले. लिंक रोडवर एकदा भर पावसात रिक्षा आडवी आली, गाडी जागच्या जागी थांबली. सासूबाईंनी घरी येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या एका आशीर्वादावर मी स्वतःला कितीदा सोडून दिलंय — बघ, भलंच केलंस ना?

पण ॲव्हरेज सोळावर आलं. अण्णांनी प्लग साफ करून घेतले, फिल्टर बदलला, पेट्रोल भरायचा पंपसुद्धा बदलून पाहिला. गाडी पेट्रोल पितच राहिली. मग त्यांची नजर शीतलकडे वळली. नवे टायर आले म्हणून पळवायला लागलीस का गं? ती आणखी हळू चालवू लागली. सिग्नलला इंजिन बंद करू लागली. एसी लावेना, सासूबाई पदराने वारा घेत बसायच्या. घरी आली की आधी अण्णांच्या तोंडाकडे बघायची. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी — आणि पेपर मी फोडलेला नाही, बदलून ठेवलेला.

पाऊस संपला. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांचा फोन आला. जेवताना अण्णांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, “सुनंदा, तू वाचलंयस. टायरनं एवढा फरक पडतो का?”

शीतल आमटी वाढत होती. तिचा हात थांबला. ती माझ्याकडे बघत होती. संशयाने नाही हो — आशेने. ताई शिकलेली आहे, ताई सांगेल.

मी म्हटलं, “छे, अण्णा. टायरनं कितीसा पडणार.”

खोटं एवढंच. एका वाक्याचं.

अण्णा म्हणाले, घरच्या गाडीचं ॲव्हरेज सांभाळता येईना, लोकांना काय शिकवणार. शीतल भांडली नाही. भांडली असती तर कदाचित मी बोलले असते — नाही, हेही खोटं. नसते बोलले. दुसऱ्या दिवशी तिने फोन करून कळवलं, मला जमणार नाही. घरच्यांनी नको म्हटलं, असंही म्हणाली नाही. मला जमणार नाही, म्हणाली.

हळूहळू चावी महेशकडेच राहू लागली, आणि अण्णांनी टाकीचा हिशेब ठेवणंही सोडून दिलं. मऊ टायर लवकर झिजतात. ते झिजले, तेव्हा महेशने परस्पर साधे कडक टायर टाकून आणले. त्यावर अण्णांनी पुन्हा हिशेब काढला, ॲव्हरेज सतरावर. अण्णा म्हणाले, बघा, हात बदलला की कळतं. शीतलनेही मान डोलावली. मी पोळी मोडत होते. मोडत राहिले.

अण्णा जाऊन आता बराच काळ झाला. खरं सांगितलं तर मला रागावणारं घरात कुणी उरलेलं नाही. मग कसली भीती होती मला? भीती नव्हतीच. तिला पुन्हा मॅडम झालेलं मला बघायचं नव्हतं. आजही नको आहे — लिहिताना कळतंय.

गेल्या आठवड्यात सासूबाईंचा गुडघा सकाळीच आखडला. महेश बाहेरगावी, माझा नवरा ड्युटीवर, गाडी खाली उभी. मी शीतलला म्हटलं, तू ने ना. ती म्हणाली, “नको ताई, माझ्या हातात गाडी पेट्रोल खाते. रिक्षाच बरी.” चिडून नाही म्हणाली, रडूनही नाही. आपल्याला चष्मा आहे असं सांगावं, तसं म्हणाली.

दारात आम्ही तिघीच होतो. सासूबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी चप्पल घातली आणि रिक्षा आणायला गेले.