पुलावरच्या कुत्र्यांची पोळी

लॉकडाऊन सरल्यावर संग्रामपुरात किराणा वाटणाऱ्यांचा सत्कार झाला. मी एरवी चार माणसांत तोंड उघडत नाही, पण अंगावर शाल पडली आणि बोलून गेलो, "सोनाळ्याच्या पुढची एक म्हातारी दर खेपेला मला पोळी द्यायची. तिची चव अजून जिभेवर आहे." टाळ्या पडल्या. बायकोने पदर डोळ्यांना लावला.

चव जिभेवर राहायला पोळी तोंडात जावी लागते, एवढं सांगायचं राहिलं.

टेम्पो माझा, डिझेल वर्गणीतलं. कणीक, तूरडाळ, तेल, मीठ अशा पिशव्या घेऊन दर आठवड्याला सातपुड्याच्या पायथ्याकडे जायचो. म्हातारीचं घर शेवटचं. एकटी, मजुरी बंद, घरात पिठाचा कण नाही. पहिल्या दिवशी पिशवी ओट्यावर ठेवून लांब सरकलो, तर म्हणाली, "उचल ते."

"काऊन वो माय?"

"फुकटचं खायाची सवय नाई मले. माह्या हातचं काही नेशीन तं ठेव."

तिने उपाशी राहू नये म्हणून 'हो' म्हटलं. तिने त्याच कणकेच्या दोन पोळ्या लाटल्या, मध्ये जवसाची चटणी घातली आणि पळसाच्या पानात बांधून दिल्या.

मी तेव्हा नोटासुद्धा धुऊन दोरीवर वाळत घालणारा माणूस! परतताना पुलावर टेम्पो थांबवला आणि पुडकं कुत्र्यांपुढे सोडलं.

पुढच्या खेपेला तिने विचारलं, "चटनी तिखट झालती ना, बाबू?"

"थोडीशी. पण एक नंबर!"

ती हसली. मीही हसलो.

असं चालत राहिलं. कुत्री इतकी सरावली, की टेम्पोचा आवाज आला की कठड्याशी अंतर राखून बसायची. दुकानापुढे आम्ही चुन्याचे गोल आखले, तरी माणसं अशी उभी राहिली नव्हती.

मग एकदा म्हातारीने दोन पुडकी आणली. "हे मोठं कुत्र्याईचं. हे लायनं तुयं."

"कोनं सांगतलं?"

"शेजारीन पुलाकडं शेळ्या चारते. पन मले पयलेच समजलं होतं. घरात तिखटच नव्हतं, बाबू. चटनी नुसत्या जवस-मिठाची होती."

"मंग करत काऊन राह्यली?"

"तू नेत होता ना? म्या देल्लं, मोकळी झाली. पुढचं तू पाह्य."

पुलावर मोठं पुडकं सोडलं. लहान मांडीवर ठेवून बसलो. पान उलगडलं, मास्क हनुवटीवर घेतला, वासही घेतला. छाती झाली नाही. तेही सोडलं.

पुढच्या आठवड्यात तिने पिशवी घेतली, पोळ्या दिल्या. चटणी कशी झालती, ते मात्र विचारलं नाही.