टाकीच्या तोंडासमोर

द्वारका वादळाला भीत नसे, वाऱ्याला तर नाहीच नाही. कोंडलेल्या हवेला मात्र ती यमाइतकी भीत असे. कोथरूडच्या सोसायट्यांत पोळ्या करायला जाताना पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर धडधडू लागला की ही बाई रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जायची आणि पुढच्या चौकात पुन्हा अलीकडे यायची. त्या रहदारीत दोनदा रस्ता ओलांडण्यापेक्षा कॉम्प्रेसरच्या मांडीवर बसणं कमी धोक्याचं, असं तिचा मुलगा योगेश तिला सांगून दमला होता. पण भीती काय समजावून सांगितल्याने जाते?

भीतीचं कारण साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. वीस-बावीस वर्षांपूर्वी ती आणि तिचा नवरा नागोराव वाशीमकडून पोट भरायला पुण्यात आले आणि वारज्याला हायवेच्या कडेला त्यांनी टायरचं दुकान टाकलं. द्वारका तिथे नुसत्या भाकरी थापत बसली नव्हती. ट्रकचं चाक खोलणं, साबणाचं पाणी लावून गळती शोधणं, हवा भरणं, सगळं तिला यायचं. नागोरावाचा एकच दंडक होता: हवा भरताना चाकाच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. आणि चौदा वर्षांपूर्वी एका दुपारी ट्रकच्या चाकात टायर धरून ठेवणारी लोखंडी रिंग हवेच्या जोराने सुटून आली आणि नागोरावच जागच्या जागी गेला. द्वारका तेव्हा चहा आणायला गेली होती, असं सगळे सांगत. नऊ वर्षांचा योगेश शाळेत होता.

दैवाला कसली हौस असते बघा. तोच योगेश आयटीआय करून नोकरीला लागला तो थेट हवेच्याच कारखान्यात. खडकवासल्याच्या अलीकडे डोंगराला लागून एका कंपनीने नवा प्रयोग मांडला होता. दुपारी सौरपट्ट्यांची वीज उतू जाते, तेव्हा तिच्यावर कॉम्प्रेसर चालवून हवा दाबायची आणि पोलादी टाक्यांत भरून ठेवायची. ऊन गेलं की तीच हवा सोडून टर्बाइन फिरवायचं, वीज काढायची. "आई, ही उन्हाची साठवण आहे," योगेश कौतुकाने सांगे. द्वारकाने एवढंच विचारलं, "किती पौंड भरता?" तो म्हणाला, "हजार." त्या दिवशी ती भरल्या ताटावरून उठली.

मे महिन्यात एकदा योगेश दुसऱ्या पाळीला जाताना डबा विसरून गेला. पोळ्यांची कामं उरकून, बस पकडून द्वारका संध्याकाळी सहाच्या सुमारास तिथे पोचली. दारावर भाग्यश्री मॅडम भेटल्या, तिथल्या इंजिनियर. त्यांनी तिच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं आणि म्हणाल्या, "या मावशी, तुमचा योगेश टाक्यांकडे आहे. मी फोनवर बोलून आलेच."

रेल्वेच्या डब्याएवढ्या चार टाक्या आडव्या पडल्या होत्या. हवा सुटत होती. सुटती हवा गार पडते, आणि ती नेणाऱ्या नळावर भर उन्हाळ्यात पांढरं दव गोठलं होतं. हा नळ जात होता पहिल्या टाकीच्या तोंडासमोरून, माणूस आत शिरेल एवढ्या, बोल्ट मारलेल्या गोल झाकणाच्या पुढून. पोरांनी नळावर पाण्याच्या बाटल्या टेकवल्या होत्या, ताकाची पिशवी लटकवली होती, आणि गारव्याला चौघं जण फतकल मारून बसले होते. योगेशची पाठ बरोबर झाकणाकडे होती.

कठडा होता, पण तो ओलांडूनच पोरं आत बसली होती. द्वारकाने कठड्यावरून वाकून योगेशच्या सदऱ्याची कॉलर धरली, त्याला कठड्याबाहेर काढलं आणि त्या तेवीस वर्षांच्या पोराला ओढत, सगळ्यांच्या देखत, दाराबाहेर नेलं. मागून पोरं खिदळली.

"आई, काय हे! इज्जत घालवलीस माझी!"

"तथी काहून बसला तू? टाकीच्या तोंडासमोर?" घाबरली की तिच्या तोंडून वऱ्हाडी यायची.

"अगं, सेफ्टी वॉल्व्ह आहे, सेन्सर आहेत. प्रेशर वाढलं तर सगळं ऑटोमॅटिक बंद होतं. ते काय टायरचं दुकान आहे का?" योगेश आता खरोखर चिडला होता. "आणि तुला काय माहीत कसं फुटतं ते? बाबा गेले तेव्हा तू तिथे होतीस तरी का?"

हे वाक्य चौदा वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. गप्प राहिली असती तर पोरगा परत त्याच जागी जाऊन बसला असता. बोलली तर पोरगाच आपला राहणार होता की नाही कोण जाणे. द्वारकाला दोन्हींची सारखीच धास्ती वाटली. पण त्या झाकणाचे बोल्ट तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

"मी होती," ती म्हणाली. "हवेची नळी माह्याच हातात होती."

आत जायला निघालेला योगेश मागे वळला.

"तुह्या बापानं हात वर केला, बंद कर म्हणून. मी डायवरशी बोलत होती. मले हात उशिरा दिसला. रिंग तिरपी वाटली म्हणून तो हातोडी घेऊन वाकला, तो समोरच. चहाचं मी खोटंच सांगितलं सगळ्यायले."

"किती पौंड झाली होती?"

"एकशेचाळीस."

तो वळला आणि आत गेला. तारांच्या कुंपणातून द्वारका पाहत राहिली. आत काय बोलणं झालं ते तिला ऐकू आलं नाही, पण चौघांनी बाटल्या उचलल्या आणि ते टाक्यांपासून लांब, भिंतीआड जाऊन बसले. योगेशने तिच्याकडे मान वळवून पाहिलं नाही.

पुढच्याच आठवड्यात भाग्यश्री मॅडमनी तिथे उंच जाळी बसवून घेतली. योगेशनेच त्यांना सांगितलं होतं. घरात मात्र तो परक्यासारखा वागू लागला. डबा नको म्हणाला. विचारलं तेवढं बोलायचा. द्वारका पोळी लाटता लाटता दाराकडे कान लावायची, आणि तो आला की मान वर करायची नाही. पोरगा जिवानिशी वाचला होता, पण तिच्या हातातून चालला होता.

दहाव्या दिवशी सकाळी बूट घालून तो दारात थांबला.

"त्या ड्रायव्हरशी तू काय बोलत होतीस?"

द्वारकाने लाटणं खाली ठेवलं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा फारसं नाही. माणूस मेल्यावर कारणं कसली सांगायची, असं तिला वाटे.

"तो चाकाच्या समोर उभा होता," ती म्हणाली. "हटतच नव्हता. त्याले मी वरडून सांगत होती, बाजूला हो, मरशील म्हणून."

योगेश बूट न काढताच आत आला आणि तिच्याजवळ फरशीवर बसला. त्या दिवशी तो कामावर दीड तास उशिरा पोचला.