अठरा जीन्सच्या झालरी

ये गं, अशी जवळ सरक. कागदावरूनच हाक मारतेय, पण कान इकडे कर. परवा आलीस काय, चप्पल न काढता दारातच उभी राहिलीस काय, आणि मी तुझ्या पॅन्टच्या तळाला लोंबणाऱ्या दोऱ्यांकडे नुसतं बघितलं तर म्हणालीस काय, ‘आजी, राहू दे, तुला फॅशनमधलं नाही कळत!’ आणि मी तोंड उघडायच्या आत जिना उतरलीससुद्धा. शहाणी माझी बाय! अगं, ज्या फॅशनचं तू मला सांगतेस ती मी दादरला विकलीय. आणि विकायच्या आधी एकदा कात्रीने कापूनही टाकलीय. तुझ्या आईला ही गोष्ट अर्धीच माहीत आहे. तू पुरती ऐक.

गिरण्यांच्या संपाचं दुसरं वर्ष होतं. तुझे आजोबा मागावर होते, म्हणजे कापड विणायला, आणि मी त्याच गिरणीत वायंडिंग खात्यात. वायंडिंग म्हणजे लहान कांड्यांवरचं सूत मोठ्या, शंकूसारख्या कोनावर गुंडाळायचं. मशीन पळत असते, मधेच सूत तुटतं. तुटलेली दोन टोकं पकडायची, क्षणात गाठ मारायची, गाठीची शेपटी कापायची, की पुढची कांडी. सात वर्षं हेच केलं. सुटा दोरा डोळ्यांना दिसला की डोक्याला विचारायच्या आधी बोटं धावायची. कुणाच्या सदऱ्याचा दोरा लोंबत असला तर समोर बसून मला घास गिळवायचा नाही.

संपात दोघंही घरी. पहिले काही महिने ‘मिटेल, मिटेल’ म्हणण्यात गेले. मग आजोबांनी ते म्हणायचंही सोडलं. सभेला जायचे, परत यायचे, गॅलरीत कठड्याला टेकून उभे राहायचे. बोलणं हळूहळू इतकं कमी झालं, की सासूबाई मला विचारायच्या, ‘ह्येचो घसो बसलो काय गो?’ तुझी आई तेव्हा पहिलीत होती. कुणीतरी घराबाहेर पडायला हवं होतं. मी पडले.

दादर स्टेशनजवळ ते दुकान होतं. कॉलेजच्या पोरापोरींचे कपडे: जीन्स, टी-शर्ट, खांद्याला पॅड लावलेले टॉप. आत टेपवर गाणी एवढी मोठ्याने, की गिऱ्हाइकाने कमरेचं माप सांगितलं तर शेजारच्या दुकानाला कळावं. शेठना आल्टरेशनला बाई हवी होती. मला शिलाई मशीन चालवता यायचं. त्यांनी मला वरून खाली बघितलं. नऊवारी नव्हती एवढंच, बाकी अंबाड्यापासून जोडव्यांपर्यंत मी पक्की लालबागची.

‘गिरणीवाल्या ना तुम्ही?’ शेठ म्हणाले. ‘संप मिटला की पळणार. मी शिकवायचं आणि तुम्ही जायचं. एक महिना बघतो. महिन्याने सांगतो ठेवायचं की नाही.’

म्हणून मी एक महिना परीक्षेवर. घरी सगळ्यांना ठाऊक होतं की हे काम टिकलं तर पोरीची शाळा टिकणार, नाहीतर तिला गावाला सासूबाईंच्या भावाकडे धाडायची. गोष्ट ठरल्यासारखीच होती. पोर झोपेत माझा पदर धरायची, तेव्हा मी मनात दिवस मोजायचे.

पण गंमत सांगू? मला ते दुकान आवडायला लागलं. काय ती पोरं! एक मुलगा जीन्सची चेन लागेना म्हणून ट्रायल रूममध्ये जमिनीवर आडवा झाला. बाहेरून त्याचे दोन मित्र, ‘श्वास सोड! श्वास सोड!’ मी पडद्याबाहेरून म्हटलं, ‘बाळा, सोडलेला श्वास परत घ्यायचाय ना? एक साइज मोठी देते.’ तर आतून आवाज, ‘नको काकी, घट्टच पाहिजे.’ एक मुलगी आईबरोबर येऊन सैल पंजाबी ड्रेस घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी एकटी येऊन तो बदलून पॅन्ट न्यायची. आई घेऊन येणारी पोरं वेगळीच. आई म्हणणार, ‘दोन वर्षं पुरेल अशी दाखवा,’ आणि पोरगं तोंड असं करणार, जणू कुणी त्याला एरंडेल पाजतंय.

तिसरा आठवडा. दिवाळी तोंडावर. रविवारी दुपारी शेठ जेवायला गेले. जाताना म्हणाले, नवा माल आलाय, गठ्ठा सोडा, हँगरला लावा. मी गठ्ठा सोडला. अठरा जीन्स. आणि अगं बाई, एकीचाही तळ शिवलेला नाही! प्रत्येकीच्या पायाशी चार-चार बोटं दोरे लोंबतायत, उंदरांनी कुरतडल्यासारखे.

मला वाटलं, शेठना फसवलं कुणीतरी. अर्धवट माल दिला. सणाच्या तोंडावर गरीब बिचारे. आणि मनात असंही आलं, आता दाखवू ह्यांना गिरणीवाली काय असते.

मी कात्री घेतली. सगळे दोरे सफाचट. तळ दुमडला, मशीनवर टीप मारली. दोन तास मान वर केली नाही. घाम पुसत शेवटची जीन्स हँगरला लावली, आणि एवढी खूश झाले गं, की समोरच्या आरशात बघून स्वतःलाच हसले.

चार वाजता शेठ आले. हँगरकडे बघितलं. एक जीन्स उचलली, दुसरी उचलली. मी हसत उभी.

‘बाई,’ ते अगदी हळू म्हणाले, ‘झालर कुठाय?’

‘कसली झालर? दोरे होते ते. कापले मी. सगळे शिवून टाकले.’

शेठ स्टुलावर बसले. टेप बंद केला. दुकान पहिल्यांदाच एवढं शांत झालं. ‘फॅशन होती ती, बाई. कारागिराकडून मुद्दाम काढून घेतली. ह्या दिवाळीला हीच चालणार. तुम्ही...’ त्यांनी जीन्स माझ्यासमोर धरली. ‘तुम्ही फॅशन कापून टाकली!’

मला आधी हसूच आलं, खोटं कशाला सांगू. मग त्यांचं तोंड बघितलं आणि हसू गिळलं. शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ‘मंगळवारी हा माल शोकेसमध्ये लागणार होता. आता तुम्हीच सांगा, महिना पुरा करायचा की आजच थांबायचं?’

सोमवारी दादरची दुकानं बंद. मी म्हटलं, ‘मला उद्याचा दिवस द्या. गठ्ठा घरी नेते. मंगळवारी झालरीसकट आणते.’

‘कापलेले दोरे चिकटवणार?’

‘ते माझ्यावर सोडा,’ मी म्हटलं. कसं करणार ते मलाही ठाऊक नव्हतं.

सोमवारी सकाळी गॅलरीत चटई घातली आणि टिपा उसवत बसले. उसवून झालं, पण झालर येईना. एक दोरा ओढला की कापडच चुरगळायचं. सासूबाई तांदूळ निवडत बघत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, ‘त्या मेल्यांका घराक आई नाय काय गो, दोरे कापूक?’

‘आई आहे हो त्यांना. ती कापील म्हणूनच एकटे येतात विकत घ्यायला.’

शेजारची वायंडिंगमधली माझी मैत्रीण आली, तीही बसली. दोघी मिळून एकच जीन्स खराब करत होतो. तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला.

‘उभ्याला हात लावू नका.’

वर बघितलं तर तुझे आजोबा. कठड्याशी उभे होते ते केव्हा वळले कळलंच नाही. खाली बसले, जीन्सचा पाय मांडीवर घेतला, अंगठ्याने कापड चोळलं, उलटं करून बघितलं. मागावर नवीन माल आला की असेच बघायचे.

‘निळा आहे तो ताणा, उभा. आत पांढरा आहे तो बाणा, आडवा. झालर पाहिजे ना? मग आडवेच ओढायचे, काठापासून एकेक. उभे आपोआप सुटे होतात.’ सुई मागितली, टोकाने एक पांढरा दोरा उचलला आणि ह्या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत सर्रकन ओढून काढला. मग दुसरा. निळ्या दोऱ्यांची एकसारखी झालर खाली पडली, कंगव्याने विंचरल्यासारखी.

मैत्रीण म्हणाली, ‘भावोजी, तुमचा हात अजून मागावरच आहे हो!’

‘मागावर असता तर भरत असतो,’ ते म्हणाले. ‘बारा वर्षं आडवा धागा भरत आलो. आता काढतोय. काढणं भरण्यापेक्षा सोपं आहे, एवढं खरं.’ आणि स्वतःच हसले. मी सुई हातात घेऊन तशीच बसले. किती महिन्यांनी त्या माणसाचे एका दमात एवढे शब्द ऐकले मी! सासूबाईंनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि एक जीन्स पुढे ओढली. ‘दाखव रे, खयचो ओढूचो?’

दिवस मावळायच्या आत अठराही झाल्या. चटईवर पांढऱ्या दोऱ्यांचा असा ढीग, की तुझी आई त्यात उडी मारून बसली. एक गोम मात्र राहिली. पहिली झालर मी कापली होती, दुसरी कापडातून काढली. म्हणून सगळ्या जीन्स चार बोटं आखूड झाल्या. आजोबांनी मोजून सांगितलं. मी म्हटलं, ‘असू दे. बुटकी पोरं काय कमी आहेत दादरला?’

मंगळवारी शेठनी एकेक झालर बोटांवर घेऊन बघितली. कारागिराच्या झालरीत कुठे दाट कुठे विरळ असायचं, ही मात्र सरळ रेषेत. ‘कुणी केली?’

‘घरच्यांनी.’

‘आखूड आहेत.’

‘आखूड आहेत,’ मी म्हटलं. लपवायचं काय त्यात? ‘मी माणूस बघून देते. उंच पोराला एकही दाखवणार नाही.’

आणि तसंच केलं. दारातून गिऱ्हाईक शिरलं की मी आधी त्याचे पाय बघायचे. एका उंच मुलाने हट्टच धरला, तीच पाहिजे. घालून बाहेर आला तर करकोच्यासारखा. मी म्हटलं, ‘बाळा, ही घालून कॉलेजला गेलास तर पाणी तुंबलंय का विचारतील.’ तोच आधी हसला. मग दुसरी घेऊन गेला. दिवाळीच्या आदल्या दिवशी अठरापैकी दोन उरल्या.

महिना पुरा झाला त्या दिवशी मी दुकान झाडून उभी राहिले. शेठ हिशेबाच्या वहीतून मान वर न काढता म्हणाले, ‘बाई, खरं सांगा. उद्या संप मिटला तर जाणार ना?’

‘नाही’ म्हटलं असतं तर सगळं सोपं होतं. जीभ तिथपर्यंत आलीही. पण डोळ्यांपुढे माझी मशीन आली, तिच्या कांड्या आल्या. म्हटलं, ‘जाणार, शेठ. माझी जागा आहे तिथे.’

आता गेलं काम, असं वाटलं. पोरीची पिशवी कुठल्या ट्रंकेत भरायची तेही डोक्यात येऊन गेलं. शेठनी वही मिटली. ‘मग तोपर्यंत तरी या.’

तुझी आई गावाला गेली नाही. त्याच शाळेत शिकली. आणि तो ‘तोपर्यंत’ एकोणीस वर्षं चालला गं. संप मिटला म्हणून कुणी आम्हाला सांगायलाच आलं नाही. गिरणीचं दार कधी उघडलं नाही, आणि मी रोज सकाळी दादरला जातच राहिले. नवीन माल आला की आधी विचारायचे, ‘शेठ, हे असंच आहे की चुकलंय?’

आता तू काल फोनवर म्हणालीस, ‘परीक्षा संपेपर्यंत थांब आजी, मग येते.’ नाही हो. ह्या ‘पर्यंत’वर मी पुन्हा विश्वास ठेवायची नाही. येत्या रविवारीच ये, पुस्तकं घेऊन ये हवं तर. आजोबांना आताशा फार ऐकू येत नाही, पण ताणा-बाणा विचारलास तर तासभर बोलतील. बोंबील मी सकाळीच आणून ठेवते. आणि हे बघ, चप्पल काढून आत ये.