निळ्या बांगडीची तपासणी

माझ्या सासूबाईंच्या आईची एकुलती एक आठवण मी मोडली, आणि तीही पूर्ण शुद्धीवर असताना.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी घनसावंगीच्या शाळेत चित्रकला शिकवायचो. सासरे तीर्थपुरीत बांगड्या विकायचे. धोंड्याच्या महिन्यात बायकोला, म्हणजे शकूला, घेऊन सासरवाडीला गेलो. जावयानं गप्प बसून खावं, तर मी बोललो, "मामी, दुकानातल्या फुटक्या हिरव्या बांगड्या वितळवून तुम्हाला काचेची तबकडी करून देतो!" (कृती एका मासिकातली चित्रं बघून शिकलो होतो. चित्रात काच फुटत नाही.)

सासूबाईंनी पेटीतून एक गर्द निळी बांगडी आणली. "माझ्या मायची हाय. एवढीच राह्यली. हातात घालायला भ्याव वाटतं. हिला मधी बसवा, म्हंजे रोज डोळ्यापुढं राहील."

सासऱ्यांचा अडकित्ता थांबला. "बसवा, पण आधी तपासा. काच तापली की फुगती, निवली की आखडती. दोन काचा सारख्या आखडल्या न्हाईत तर तडा जातो. हिचा कणभर टवका काढा, हिरव्या तुकड्यावर वितळवून चिकटवा, राखेत निवू द्या. दोन दिवसांनी बघा."

"बिलकुल, मामा!"

पण अख्ख्या बांगडीचा टवका काढायचा? चित्रकलेच्या मास्तरानं वर्तुळ मोडायचं? मी दुकानातली तशीच निळी बांगडी उचलली आणि तिचा टवका तपासला. दोन दिवसांनी तुकडा ठणठणीत! निळी ती निळी. (आणि मी मुलांना रंग शिकवायचो!)

मग परसात विटांची भट्टी रचली. भाता मारता मारता अर्धी मिशी जळाली. पण राखेतून तबकडी निघाली ती अशी देखणी, की शेजारणी बघायला आल्या. "तपासून केलीय हं!" मी प्रत्येकीला सांगत होतो. कुणीही विचारलं नसताना!

धोंड्याच्या जेवणाला शेजारणीही आल्या होत्या. सासूबाईंनी तबकडीत कढईतले गरम अनारसे ठेवले.

टक्!

तडा आधी बांगडीभोवती फिरला, मग आत घुसला. बांगडीचे चार तुकडे झाले. तबकडीचे मोजायची माझी छाती झाली नाही.

"फुटली…" मी पुटपुटलो.

"फुटली म्हणू न्हाई, वाढली म्हणावं," सासूबाई म्हणाल्या. त्या तुकड्यांपाशी खाली बसल्या.

सासऱ्यांनी विचारलं, "तपासणी केल्ती?"

"केल्ती."

"ह्याच बांगडीची?"

"…ह्याच रंगाची."

जन्मभर बांगड्या भरलेल्या त्या माणसानं डोक्यावरची टोपी काढली. "म्हंजे नाडी शेजारणीची पाह्यली, अन् काढा घरच्या बाईला पाजला!"

शेजारणी खो खो हसल्या. शकू हसली असती तर बरं झालं असतं. ती जमिनीकडं बघत होती.

"मामी, आळस नव्हता केला हो," मी म्हणालो, "शहाणपणा केला."

"जाऊ द्या," तुकडे पदरात वेचत सासूबाई म्हणाल्या. "जावईबापूंनी मुद्दाम केलं का?"

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर खाली मान घालून ऐकल्या असत्या. हे कुठं ठेवायचं?

जावयाला वाण द्यायची वेळ आली. सासूबाईंनी अनारशांचं ताट पुढं केलं.

"बिनघोर घ्या," सासरे म्हणाले, "पितळ हाय."

मी ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तरी शकूनं खालून हात लावलाच!