चार अक्षरांचा नियम आणि प्रॅक्टिकलच्या वह्या

संग्रामपूर तालुक्यातल्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे. तीस कॉम्प्युटर आणि सगळ्या कॉलेजला मिळून इंटरनेटची एकच लाइन, तीही बारीक. म्हणून एका जुन्या मशीनवर मी प्रॉक्सी सर्व्हर बसवला होता. कुणी एखादं पान उघडलं की तो त्याची प्रत ठेवून घ्यायचा आणि दुसऱ्याने मागितलं की तीच काढून द्यायचा.

तरी लाइन तुंबायचीच. पोरंपोरी दिवसभर फोटोंच्या एका साइटवर असायची. तिला सगळे नुसतं 'ग्राम' म्हणायचे. प्राचार्यांनी मला बोलावून बंदोबस्त करायला सांगितलं.

पुस्तकात बघून बघून मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. प्रॉक्सीकडे आलेला प्रत्येक पत्ता तिच्या हातून जायचा. पत्त्यात जी-आर-ए-एम ही चार अक्षरं दिसली की ती त्या जागी माझ्या पानाचा पत्ता घालायची. त्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आधी प्रॅक्टिकलच्या वह्या पूर्ण करा.' दुपारपर्यंत लॅब शांत. मी स्वतःवर इतकी खूश होते, की घरी जाऊन नवऱ्याला ती स्क्रिप्ट वाचून दाखवली. त्याने बिचाऱ्याने ऐकूनही घेतली.

चार दिवसांनी ऑफिसात गेले, तर हेडक्लार्कच्या टेबलावर वह्यांचा ढीग. हे गृहस्थ नोकरीत मुरलेले, निवृत्तीला आलेले. फिजिक्स, केमिस्ट्री, सगळ्या वर्गांच्या वह्या मागवून ते सही नसलेल्या पानांत चिठ्ठ्या घालून त्या सरांकडे सहीला पाठवत होते. मी विचारलं, हे काय चाललंय.

"सोनाळा गावाकडं कॉलेजचं शिबिर घ्याचं आहे ना, मॅडम. अर्जासाठी ग्रामपंचायतीची साइट उघडली का ते वह्या मांगून राह्यली."

ग्रामपंचायतीच्या पत्त्यातही तीच चार अक्षरं. आमच्या संग्रामपूरच्या पोटातसुद्धा तीच. मी कसंबसं म्हटलं, पण पंचायतीला केमिस्ट्रीच्या वह्या कशाला लागतील?

"काऊन ते मी नाही इचारलं. तीस वर्ष झाले, सरकारले काऊन इचारलं नाही मी."

मी लॅबमध्ये पळाले. नुसती चार अक्षरं न शोधता साइटचं पूर्ण नाव जुळलं तरच पत्ता बदल, असा नियम केला. तोवर सगळ्या सरांनी घाईघाईने सह्या करून वह्या परत पाठवल्या होत्या. हेडक्लार्कनी शेवटची वही मिटली, साइट उघडली, अर्ज समोर आला. त्यांनी ऑफिसभर नजर फिरवली आणि सांगितलं, झालं काम.

मी प्राचार्यांकडे जाऊन सगळं कबूल केलं. ते हसून हसून खोकायला लागले. परीक्षेच्या आधी सगळ्या वह्या तपासून झाल्याचं त्यांनी या कॉलेजात पहिल्यांदाच पाहिलं होतं. कुणाला काही सांगू नका म्हणाले.

पण मला राहवेना. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी हेडक्लार्कना खरं ते सांगून टाकलं. ते माझ्याकडे मायेने बघत राहिले.

"तुमचं वय लहान आहे, मॅडम," ते म्हणाले. "सरकारचा दोष उगीच आपल्या अंगावर नोका घेऊ."

मग त्यांनी माझ्यासाठी आणखी अर्धा चहा सांगितला.