पावलिनाच्या पुढचा माणूस

आमच्या गल्लीतली पावलिना माणसांना मानेवरून ओळखते. बसथांब्यावर पाठमोरं कोणी उभं असलं की ती लांबूनच नाव घेऊन हाक मारते, आणि तिचं कधी चुकत नाही. माझी मान तिच्या मते हट्टी आहे. डावीकडचे केस कितीही कापले तरी बाहेरच वळतात. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं केस कापायचं दुकान आहे. एक खुर्ची, एक आरसा, केस वाळवायचं एक जुनं टोपडं आणि भिंतीवर आमच्या गावच्या संताची, सान रोक्कूची तसबीर, त्याच्या कुत्र्यासकट.

दिवसभर माना बघायच्या आणि संध्याकाळीही तेच, कारण पावलिना गायची ती कुणाच्या तरी मागे उभी राहून. युरोपातल्या गाण्याच्या स्पर्धेत माल्टाकडून कोण जाणार हे ठरवायचा कार्यक्रम आमच्याकडे दरवर्षी होतो. त्या दिवसांत या बेटावर माणसाने आजारी पडू नये. डॉक्टर छाती तपासता तपासता विचारतो, "काय मग, यंदा कुठलं गाणं?" आणि उत्तर आवडलं नाही तर औषध कडू देतो.

बेट एवढंसं, गाणारे भरपूर, पण मागे उभं राहून नीट साथ देणाऱ्या बायका मोजक्याच. त्यामुळे ज्या तिघी एका स्पर्धकाच्या मागे, त्याच तिघी त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे. मधल्या वेळात फक्त गळ्यातले रुमाल बदलायचे. विरहाच्या गाण्याला निळा, नाचाच्या गाण्याला लाल. एका वर्षी घाईत रुमाल बदलायचा राहिला, आणि पावलिना विरहाच्या रुमालात नाचली. शेजारच्या गावचे लोक अजून ते काढून आम्हाला चिडवतात.

आमच्या गावाचं मात्र ठरलेलं होतं. टीव्हीच्या पडद्याच्या कडेला पावलिनाचा नुसता खांदा दिसला तरी गावच्या बँडच्या क्लबात सगळे उठून उभे राहायचे आणि फोन हातात घ्यायचे. पावलिना ज्याच्या मागे, आमचं मत त्याला. ती चौघांच्या मागे उभी राहिली तर मत चौघांनाही. क्लबाचे सेक्रेटरी झी सिदोर, म्हणजे सगळ्या गावाचे काका, म्हणायचे, "संताची मूर्ती खांद्यावर घेतल्यावर पुढच्या दांडीला कोण आहे ते कोणी बघतं का?"

हे सगळं बिघडलं ते मारिएलामुळे. मारिएला शाळेत गणित शिकवते, चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि दरवर्षी एक गाणं रचून निवडीसाठी पाठवते. पाठवायच्या आधी ते पावलिनाकडून गाऊन घेते. नुसती तीच नाही, अर्ध्या बेटाचे संगीतकार तसंच करतात, कारण पावलिना पैसे मागत नाही आणि पहिल्याच खेपेला सुरात गाते. गाणं निवडलं गेलं की मग कोणीतरी नावाजलेली गायिका गाठायची, अशी रीत.

मी त्या दिवशी खुर्चीत होते. मारिएला धापा टाकत आत आली.

"पावलिना! आपलं गाणं अंतिम फेरीत!"

"अरे वा! मग गाणार कोण?"

"तू."

"मी मागे आहेच गं. पुढे कोण?"

"पुढे तू."

पावलिनाने कात्री खाली ठेवली. "आणि मागे?"

"मागे कोणी नाही."

"म्हणजे माझ्या मागेही मीच उभी राहू की काय?"

मग मारिएलाने सांगितलं. यंदा नवा नियम आला होता. पाठवलेल्या गाण्यात ज्याचा आवाज, मंचावर त्यानेच गायचं. नाही गायलं तर गाणं बाद.

"तू नियम वाचले नव्हतेस?" मी विचारलं.

"वाचले की," मारिएला म्हणाली. "पाठवून झाल्यावर."

माझे अर्धेच केस कापून झाले होते. ते दोन दिवस तसेच राहिले, कारण बातमी फुटली आणि दुकानात माणूस मावेना. कोणी केक आणला, कोणी मेणबत्ती. पाववाल्याने गाडीचा भोंगा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबून धरला. तो पाववाला म्हणजे पावलिनाचा नवराच, झारेन. सणाच्या मिरवणुकीत बँडच्या शेवटच्या रांगेत मोठा ढोल वाजवतो तोच. ढोल मोठा की त्याची ढेरी, हा आमच्याकडे जुना वाद आहे.

संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढताना पावलिना गच्चीवरून मला म्हणाली, "खरं सांगू? पंधरा वर्षांची असल्यापासून वाट बघतेय गं, की पुढे उभं असलेल्यांपैकी कोणीतरी वळून म्हणेल, आता तू गा. आता म्हणालेत, तर पळून जावंसं वाटतंय. हे हुकलं तर पुन्हा कोण विचारतंय मला?"

आणि ते हुकणारच होतं. पहिल्या तालमीला मी आणि मारिएला तिच्याबरोबर गेलो. मंचावर पांढऱ्या पट्टीची फुली केली होती, पावलिना तिच्यावर उभी राहिली, वाद्यं सुरू झाली, तिने तोंड उघडलं. आवाज नाही. पुन्हा वाद्यं, पुन्हा तोंड, पुन्हा नाही.

"समोर काहीच नाही गं!" ती रडकुंडीला आली. "नुसता काळोख आणि कॅमेऱ्यावरचा तो तांबडा दिवा. मी बघू कशाकडे?"

आयुष्यभर मानेकडे बघून गायलेली बाई. मग आम्ही तिच्यासाठी मान शोधायला लागलो. मारिएलाने झाडूवर केसांचा टोप चढवून उभा केला. पावलिना म्हणाली, "हा कोण? याला खांदे कुठे आहेत?" मारिएला स्वतः उभी राहिली, तर ती ताल धरून मान हलवायची. शेवटी मला उभं केलं.

"तुझ्या मानेकडे बघून गाणं नाही सुचत, कात्री आठवते," पावलिना म्हणाली. आणि खरंच कात्री मागितली.

दिग्दर्शिका तरुण मुलगी होती, स्वभावाने चांगली. "मावशी, उद्याही असंच झालं तर मला गाणं काढावं लागेल हो," ती म्हणाली. मावशीने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी झारेन तेल-टोमॅटो लावलेला पाव घेऊन तालमीला आला. पावलिना फुलीवरून मागे सरकून पडद्याला टेकली होती. झारेन पुडकं घेऊन मंचावर चढला, बरोबर फुलीवर थांबला, डोळ्यांवर हात धरून वर बघत म्हणाला, "एवढे दिवे! यांचं विजेचं बिल कोण भरतं?"

त्याच्या मागून आवाज आला. पावलिना गायला लागली होती. सुरुवातीपासून, मोकळ्या गळ्याने.

"थांबा!" दिग्दर्शिका ओरडली. "अहो ढेरीवाले काका! तुम्ही हलू नका!"

झारेन पुडकं छातीशी धरून गाणं संपेपर्यंत पुतळ्यासारखा उभा राहिला. शेवटचा सूर थांबल्यावर त्याने हळूच विचारलं, "आता पाव खाली ठेवू का?"

मंचावर सहाजणांना परवानगी असते, आणि गाणाऱ्याखेरीज बाकीच्यांनी काय करायचं हे नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं. दिग्दर्शिका तर खूशच झाली. गाणारी मागे आणि पुढे नुसता एक माणूस, असं आजवर कोणी केलं नव्हतं म्हणे.

"मी नक्की काय करायचं?" झारेनने घरी विचारलं.

"काहीही नाही."

"ते मला जमतं."

"माहितेय. लग्न झाल्यापासून तेच बघतेय. फक्त एक अट, झारेन. मागे वळायचं नाही. तुझी मान बघून मला गाणं आठवतं. तोंड बघितलं की गळका नळ आठवतो."

त्या आठवड्यात तिने त्याची मान रोज कोरली. वरून खाली, बाजूने, मग पुन्हा वरून. मी म्हटलं, "अगं, कॅमेरा समोरून असतो, लोकांना याची ढेरीच दिसणार." तिच्या कानातच शिरलं नाही. कोटाचं बटण पोटावर बसेना, ते शेवटी मी सरकवून लावलं.

अंतिम फेरीच्या संध्याकाळी गाव क्लबात जमलं. पास्तित्झीची, म्हणजे चीज भरलेल्या आमच्या खुसखुशीत करंज्यांची परात डोक्यांवरून फिरत होती आणि रिकामी होऊन परत येत होती. झी सिदोरनी चोख बंदोबस्त केला होता. चर्चमागच्या शेतात फटाक्यांचे बार उडवणारे तयार. क्लबाच्या गच्चीवरून स्वतः झी सिदोर पांढरा टेबलक्लॉथ फडकवणार, की बार सुटणार. "जिंकल्यावरच हं, झी!" सगळ्यांनी बजावलं. "मला शिकवू नका!" ते म्हणाले.

पावलिनाचं गाणं आलं. पडद्यावर नुसता झारेन. काळा कोट, हात ढेरीवर जुळवलेले, संतासमोर उभं राहावं तसा. तिकडे सभागृहात हशा पिकला. आमच्याकडे बायकांनी रुमाल तोंडात कोंबले. आणि मग त्याच्या मागून आवाज आला, आणि सगळीकडचं हसू थांबलं. गाणं साधंच होतं, घरी उशिरा येणाऱ्या माणसासाठी दिवा लावून बसलेल्या बाईचं. झारेन हलला नाही. पण शेवटच्या कडव्याच्या आधी त्याची हनुवटी थरथरायला लागली.

"झारेन, वळू नकोस!" झी सिदोर टीव्हीवर ओरडले. "अरे मेल्या, वळू नकोस!"

वळला. वळणारच होता. तालमी सोडल्या तर एवढ्या वर्षांत त्याने तिचा आवाज दुसऱ्यांच्या आवाजाखालीच ऐकला होता. एक अख्खं गाणं तिचं एकटीचं, तेही हजार माणसांना गप्प करणारं, आता ऐकत होता.

पावलिनाचा आवाज तुटला. वाद्यं पुढे गेली. झारेनची मान आता आम्हाला दिसत होती, आणि काय देखणी कापली होती! त्याचे ओठ हलले असावेत, कारण पावलिना एकदम फिस्कन हसली. त्याला वळसा घालून ती पुढे आली, पांढऱ्या फुलीवर उभी राहिली, समोरच्या काळोखाकडे आणि तांबड्या दिव्याकडे सरळ बघितलं आणि उरलेलं कडवं असं गायली, की माझ्या हातातली पास्तित्झी कधी चुरली ते मला कळलं नाही.

"फोन! फोन करा!"

"पण ती कुणाच्या मागे होती? झारेनच्या ना?"

"मग पुढे आली की!"

"मग मत कुणाला द्यायचं?"

"गाढवांनो," झी सिदोर किंचाळले, "गाणं एकच आहे!"

आधी लोकांच्या फोनचे गुण आले. पावलिना सगळ्यांत वर. परीक्षकांचे गुण यायचे होते, पण झी सिदोरना कोण थांबवणार? तरुणाला लाजवतील असे जिना चढले. टेबलक्लॉथ फडकला. शेतातून पहिला बार सुटला, मग दुसरा, मग मोजायची सोयच राहिली नाही. खिडक्या हादरल्या, क्लब बघता बघता रिकामा झाला, बँडवाले टोप्या घालत बाहेर धावले.

टीव्हीसमोर मी एकटीच उरले. परीक्षकांच्या गुणांनी दुसरंच कोणी पुढे गेलं. एका कोवळ्या, गोड मुलीवर सोनेरी कागदांचा पाऊस पडला. पावलिना दुसरी. मी टीव्ही बंद केला आणि मिरवणुकीत जाऊन उभी राहिले.

पावाच्या गाडीतून दोघं आली तोवर सगळं गाव रस्त्यावर होतं. पावलिना खिडकीतून ओरडत होती, "अहो, थांबा! आम्ही दुसरे आलोत! दुसरे!"

"काय?" झी सिदोरनी कानाला हात लावला. बारांनी सगळ्यांचे कान बसले होते.

"दुसरे!"

"असू दे, उद्या बघू! बँड तयार आहे!"

झारेनच्या गळ्यात कोणीतरी ढोल अडकवला. मी त्याच्या कानाशी जाऊन ओरडले, "तू वळून तिला म्हणालास तरी काय?"

"म्हटलं, नळ दुरुस्त केलाय," तो म्हणाला आणि मागच्या रांगेत आपल्या जागेवर गेला.

पावलिना सवयीने त्याच्या मागे निघाली होती. बायकांनी तिला धरून, ढकलत, पार बँडच्या पुढे नेऊन उभं केलं. तिच्यापुढे आता कोणी नव्हतं, नुसता मोकळा रस्ता. मागून ढोल पडला. ती क्षणभर थांबली, आणि गात चालायला लागली.

सगळं गाव तिच्या मागे. तिची मान आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. केस वेडेवाकडे वाढलेले, एक बट कॉलरमध्ये अडकलेली. गावभर माना कोरणाऱ्या बाईची मान कोण कापणार? शेजारीण माझ्या कानात म्हणाली, "बघ गं, तुझ्यापेक्षा हट्टी आहे." मग आम्ही दोघी तिच्या मागून, बेसूर का होईना, साथ द्यायला लागलो.