उजव्या मुठीतली किल्ली

सून पडली तेव्हा कढईत तेल तापलं होतं. मी तिला वेणी धरून ओढलं, कारण माझ्या हाताला तेवढंच लागलं. कढई कलंडली, थोडं तेल माझ्या पायावर उडालं, तिच्यावर नाही. ती फरशीवर थडथडत होती. दात गच्च बसले होते, ओठ निळे पडत होते. नेहमीची फिट थोड्या वेळात आपोआप थांबायची. ही थांबेना. एक ओसरते तोवर दुसरी. मला वाटलं, ही आता जाते.

"किल्ली! किल्ली कुठी आहे वो?" म्हातारा ओरडत होता. म्हातारा म्हणजे माझा नवरा.

"तुमच्याच कमरेले आहे."

त्याने कपाटाची लोखंडी किल्ली तिच्या उजव्या मुठीत कोंबली आणि ती मूठ दोन्ही हातांनी दाबून धरली. पोराने ऑटो आणला. दवाखान्यात इंजेक्शन दिलं तेव्हा कुठे तिचं अंग सैल पडलं.

आमच्या घरात देव नाही, गंडा-दोरा नाही. विहारात भाषणं ऐकता ऐकता केस पिकले. पण फिट आली की हातात लोखंड द्यायचं, हे मात्र सुटलं नाही. म्हातारा जन्मभर पोलादाच्या प्लांटात लोखंडातच राबला, त्यामुळे त्याचा त्यावर जास्तच भरवसा. आणि किल्ली नेहमी उजव्या हातात. डाव्या हाताने आमच्याकडे कोणी पाहुण्याला पाणीसुद्धा देत नाही.

सून नेहरू नगरला कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायची. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी फिट सुरू झाल्या. शेजारच्या बायका मला म्हणाल्या, तिला उतईला माहेरी पाठवून द्या. मी म्हटलं, "कावून? मिक्सर आहे का, बिघडला की दुकानात परत करायले?" तिच्या हातचं वरण मला आवडत नाही, पण ती मला आवडते. ती तोंडावर बोलते. घरात मला तोंडावर बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

गोळ्या वाढत गेल्या. ती फळ्यापुढे उभी राहून पुढची पायरी विसरायला लागली. क्लास सुटला. डोक्याचा फोटो काढला, त्यात काही निघालं नाही. तेल सांडलं त्या दिवसानंतर आम्ही तिला नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. तिने विचारलं, "फिट आधी कोणत्या हातात सुरू होते?"

"उजव्या," म्हातारा म्हणाला. "उजव्या," पोरगा म्हणाला. मीही उजव्याच म्हणाले. सुनेला विचारून उपयोग नव्हता. फिट आली की तिला काही कळत नाही.

डॉक्टरीण म्हणाली, उजव्या हाताला मेंदूचा डावा अर्धा भाग चालवतो. म्हणून आतापर्यंत सगळ्यांनी डावीकडेच शोधलं. तिने पुन्हा फोटो काढले आणि थोड्या दिवसांनी आम्हाला कॉम्प्युटरसमोर बसवलं. पडद्यावर मेंदू होता, अक्रोडासारख्या घड्यांचा. तिने बटण दाबलं तशा घड्या उलगडल्या आणि तो फुग्यासारखा गोल झाला. दोन अर्धे, दोन फुगे.

"आता उजवा भाग आरशातल्यासारखा उलटवायचा आणि डाव्यावर बसवायचा," ती म्हणाली. "घडीवर घडी. मग प्रत्येक जागा तिच्या जोडीच्या जागेशी ताडून बघायची. एक जास्त जाड निघाली, तर तिथे काही बिघाड असू शकतो."

म्हातारा पुढे सरकला. "म्हणजे हातमोजा उलटा केल्यावानी. आमचा उजवा मोजा आधी फाटे. मंग डावा आतून बाहेर काढून उजव्या हातात घालो."

"तसंच, बाबा. पण दोन्ही बाजू अगदी सारख्या नसतात. एखादी घडी इकडे लांब, तिकडे आखूड. म्हणून थोडं ओढून बसवावं लागतं."

"मोजाही ओढाच लागे," म्हातारा खूष झाला.

सून म्हणाली, "बाबा, माझं डोकं आहे ते. तुमचा मोजा नाही."

मग डॉक्टरिणीने एक ठिपका दाखवला. जाड जागा होती, पण उजव्या भागात. डाव्या हाताला तो भाग चालवतो. "आणि तुम्ही सगळे उजवा हात सांगता. मशीन फक्त बोट दाखवतं. तुमचं सांगणं आणि हे जुळत नाही, तोवर मी डोकं उघडणार नाही."

तिला भरती केलं. डोक्याला तारा लावल्या, गोळ्या कमी केल्या, समोर कॅमेरा. आता फिट यायची वाट बघायची. आजवर ती येऊ नये म्हणून जीव टांगलेला, आणि तिथे ती यावी म्हणून बसलो. सून म्हणाली, "आई, अशी टक लावून पाहाल तर लाजून येणार नाही ती."

"तू गप पड. तुले बोलायची फिट तर रोजच येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं बोलणं मध्येच तुटलं. म्हातारा किल्ली काढून धावला. मी त्याचं मनगट धरलं.

"थांबा ना जी. पाहू द्या मले."

"अवो, पोरगी मरून राहिली!"

"थांबा म्हटलं ना."

नर्स धावत आली, तिला कुशीवर वळवलं. पण त्याआधी मी पाहिलं. डाव्या हाताचा अंगठा उडायला लागला. मग डावी बोटं, मग कोपर, मग तोंडाची डावी बाजू. उजवा हात त्यानंतर. इतकी वर्षं आम्ही किल्लीकडे पाहत होतो. जी मूठ दाबून धरली, तीच आम्हाला दिसली.

कॅमेऱ्यातही तेच निघालं, तारांतही. डॉक्टरिणीने सरळ सांगितलं की ती जागा डाव्या हाताच्या जागेला लागून आहे, हात लुळा पडू शकतो, जीवही जाऊ शकतो. पोरगा रसमड्याच्या कारखान्यातून सुट्टी घेऊन आला होता, तो रडायला लागला. सुनेने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "मले फळ्यापुढे उभं राहायचं आहे," ती म्हणाली आणि कागद पुढे ओढून सही केली.

ऑपरेशन चाललं तेवढा वेळ म्हातारा आणि मी बाकावर बसलो. मी त्याला केळं सोलून दिलं, त्याने ते अर्धं मला परत दिलं.

शुद्धीवर आल्यावर नर्सने तिला हात उचलायला सांगितला. डावा हात पलंगावरून जेमतेम उठला. दोन महिन्यांनी त्या हाताने ती पीठ मळायला लागली. बोटं अजून थोडी अडतात. त्यानंतर फिट आलेली नाही. गोळ्या चालू आहेत.

म्हातारा गेल्या हिवाळ्यात वारला, झोपेत. सून जिवंत आहे. मीही आहे.